वारावरचे जेवण आणि सहा वीसची व्हॅन

सात वार, सात घरे. पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलाची जेवणाची सोय एकेकाळी अशी लागत असे. गावाकडच्या कुणाची तरी ओळख काढायची, चिठ्ठी घेऊन पेठेतल्या वाड्यात जायचे, आणि आतून 'बरं, गुरुवारी येत जा' असे ऐकू आले की एक वार लागला. असे सात जमवायचे. सगळे जमेपर्यंत मोकळ्या वारी झोळी घेऊन माधुकरी मागायची, नाहीतर मूठभर चुरमुऱ्यांवर भागवायचे. लागलेला वारही पक्का नसे. त्या घरी सुतक आले, यजमान यात्रेला गेले, स्वयंपाक करणारी बाई आजारी पडली, की तो वार कोरडा. आणि हे कळायचे ऐन पान मांडायच्या वेळी, दाराशी गेल्यावर. मग तो दिवस एकादशी नसतानाही उपासाचा.

'आमच्या वेळी'ने सुरू होणाऱ्या वाक्यांत या जेवणाचे स्थान अढळ आहे. गोष्ट खरे तर आजोबांच्या वडिलांची असते, पण सांगणारा ती स्वतःच्याच पोटाला चिमटा बसल्यासारखी सांगतो. पाठोपाठ रस्त्याच्या दिव्याखालचा अभ्यास येतो, दोन सदऱ्यांवर काढलेले वर्ष येते, वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घेतलेली पुस्तके येतात. आणि शेवटी सोफ्यावर फोन घेऊन बसलेल्या नातवाकडे नजर जाते. तुम्हाला काय कमी आहे रे?

प्रश्न बोचरा असला तरी खोटा नाही. उत्तर देताना मात्र आधी एक गोष्ट निवडून बाजूला ठेवावी लागते. वारावर जेवून जे मोठे झाले, त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. ज्याचे सातांपैकी चारच वार लागले, जो दिवाळीत गावी गेला तो परत आलाच नाही आणि पुढे आयुष्यभर कुणाच्या तरी दुकानात वह्या लिहीत राहिला, त्याची गोष्ट कुठल्याच कौटुंबिक स्नेहसंमेलनात सांगितली जात नाही. शिवाय वार ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांची. बाकीच्यांना वाड्याच्या ओटीवरसुद्धा जागा नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली ती याच कारणाने. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले, १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती. या संस्थांनी हळूहळू वारांची गरज संपवली. हालअपेष्टांनी माणूस घडतो असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ज्यांनी त्या खरोखर भोगल्या, त्यांच्यापैकीच काहींनी मोठे झाल्यावर त्या बंद करायच्या संस्था काढल्या.

अभावाचे पारडे जड होते यात वाद नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतली किती मुले एका दुपारीत वह्यापुस्तकांसकट बेघर झाली. १९७२ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शाळेच्या वयाची पोरे आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. जेवायला मिलो या आयात ज्वारीची लाल भाकरी आणि सुकडी. अशा वर्षी मॅट्रिक कुठल्या टक्क्यांनी गेली हे कुणी विचारत नव्हते. शाळेत परत यायचे की नाही एवढाच प्रश्न होता.

मुलींच्या बाबतीत तर तुलना सुरू व्हायच्या आधीच संपते. भिडे वाड्यात शाळा भरली १८४८ मध्ये, हुजूरपागा १८८४ मध्ये. आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला तो शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेण्यासाठी. दहावरून बारा! त्यावरून या शहरात सभा उधळल्या जात होत्या. शारदा कायद्याने १९२९ मध्ये मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले, अठरा व्हायला १९७८ उजाडले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे कष्ट म्हणजे सासर, पाणी, दळण आणि पहिले बाळंतपण. किशोरवय नावाचा काळच तिच्या वाट्याला येत नव्हता. त्यामुळे 'पूर्वीच्या मुलांना ताणतणाव नव्हते' हे वाक्य एखाद्या पणजीसमोर म्हणून बघावे. तो काळ पुरता सरलाही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. २००५-०६ मध्ये हेच प्रमाण ४७ टक्क्यांच्या वर होते. पंधरा वर्षांत निम्मे झाले, ही मोठी गोष्ट. उरलेले निम्मेही मोठेच.

मग आजच्या मुलाची कुरकुर नुसती लाडाची म्हणायची? मला तसे वाटत नाही. त्याला कमी काही नाही, हे खरे. पण त्याला मोजणे थांबत नाही, आणि मोजपट्टी दर वर्षी सरकते.

नापास होण्याचेच बघा. जुन्या मॅट्रिकला नापास होणारे इतके असत की त्यांची एक स्वतंत्र जमात होती. 'ऑक्टोबरला बसलाय', म्हणजे फेरपरीक्षेला, असे चारचौघांत सांगता येत असे. 'मॅट्रिक नापास' ही नोकरीच्या अर्जात लिहायची पात्रता होती. गल्लीत चारजण आपटले की चौघे मिळून पर्वतीवर जायचे, चहा प्यायचे, घरी जाऊन बोलणी खायचे आणि पुन्हा फॉर्म भरायचे. २०२५ चा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. आता नापास होणाऱ्याला सोबत उरलेली नाही. पण त्याहून विचित्र अवस्था वरच्या टोकाला आहे. त्याच वर्षी २११ मुलांना शंभर टक्के मिळाले. सहापैकी उत्तम पाच विषय धरण्याची पद्धत आणि कला-क्रीडेचे सवलतीचे गुण मिळून हा आकडा गाठता येतो. त्यात मुलांची लबाडी काही नाही. मात्र जिथे शंभर शक्य आहेत, तिथे पंचाऐंशीला पेढे कोण आणणार? पंचाऐंशीच्या घरात निकालाच्या दिवशी एक अवघडलेली शांतता असते. कुणी रागावत नाही, कुणी आनंदत नाही. शेजारच्यांना विचारायचे कसे आणि सांगायचे कसे, या कोड्यात दुपार जाते.

दहावीपर्यंत निदान टक्के असतात. पुढे येतो पर्सेंटाईल, आणि तो नीट समजलेले पालक कमी भेटतात. ९५ पर्सेंटाईल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे शंभरात पंचाण्णव, इतकाच त्याचा अर्थ. समजा अभियांत्रिकी प्रवेशाच्या राज्य सीईटीला पीसीएम, म्हणजे भौतिक-रसायन-गणित या गटात चार लाख मुले बसली. मग ९५ पर्सेंटाईलच्या पुढे वीस हजार मुले उभी असतात, ९९ च्या पुढे चार हजार, आणि ९९ व ९९.१ यांच्यामधल्या त्या एका दशांशात चारशे. पुण्यातल्या नावाजलेल्या सरकारी अभियांत्रिकी संस्थेत संगणक शाखेची रांग अशा दशांशांतच लागते. पूर्वीचा मुलगा पेपराशी झगडायचा, पेपर हरला की मुलगा जिंकला. आता पेपर सोपा निघाला तर घरी येऊन मुले रडतात, कारण सोपा सगळ्यांनाच असतो. आपण चांगले केले की वाईट, हे इतरांचे झाल्याशिवाय ठरतच नाही. ही गोष्ट सोळा वर्षांच्या मेंदूला किती आतून पोखरते, याचा अंदाज आपल्या पिढीला नाही, कारण आपल्याला ती चाळिशीत नोकरीच्या ठिकाणी भेटली.

सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटला एकशे ऐंशी प्रश्न, एकशे ऐंशी मिनिटे. त्यातच वाचायचे, ठरवायचे आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल काळा करायचा. बरोबरला चार, चुकीला वजा एक. सीईटीला वजा गुण नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न सोडायचा नसतो. आयआयटीसारख्या संस्थांच्या प्रवेशाची जेईई आणि नीट यांत अंदाजपंचे दिलेले उत्तर चुकले की गुण जातात. एकच मूल दोन-तीन परीक्षा देते आणि प्रत्येकीचा जुगार वेगळा. यात सर्वाधिक फसतात ती मन लावून अभ्यास करणारी मुले. प्रश्न पुरा समजल्याशिवाय सोडायचा नाही ही सवय शाळेत कौतुकाची असते, इथे तिला दंड आहे.

ही तयारी आता अकरावीला सुरू होत नाही. 'फाउंडेशन बॅच' आठवीपासून असते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये. सूचना छापील आहेत, बॅच चालू आहेत. नववीतला, धायरीकडे राहणारा एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. साडेपाचला उठणे. सहा वीसला व्हॅन. सातला शाळा, साडेबाराला सुटते, व्हॅनने घरी यायला सव्वा ते दीड. जेवण, तासभर आडवे होणे. चार ते सात फाउंडेशन. सिंहगड रस्त्याची संध्याकाळची गर्दी पार करून घरी पावणेआठ. जेवण होता-होता क्लासच्या ॲपवर त्या दिवसाची डीपीपी येते, म्हणजे सरावाच्या पंचवीस-तीस गणितांचा संच, आणि शाळेचा प्रकल्प वेगळा. झोपायला साडेअकरा. हिशेब सहा तासांचा लागतो. तेरा ते अठरा वयाला झोप हवी आठ ते दहा तास. म्हणजे रोज किमान दोन तासांची उधारी, आठवड्याला दहा-बारा. ती रविवारी बारापर्यंत लोळून फिटत नाही. उलट शरीराचे घड्याळ आणखी मागे पडते आणि सोमवारची पहाट जास्त जड जाते. घरातले त्याला आळशी म्हणतात.

या वेळापत्रकात खेळ कुठे आहे ते शोधून पाहावे. नाही सापडणार. वारावर जेवणाऱ्या मुलाला तालीम होती, नदी होती, टेकडी होती. पोट रिकामे होते पण संध्याकाळ त्याची होती.

फोनबद्दल इतके बोलून झाले आहे की नवे सांगण्यासारखे थोडेच. एक मात्र सांगतो, कारण ते बाहेरून दिसत नाही. मुलांत आता भांडण करून कुणाला वाळीत टाकत नाहीत. त्या एकाला वगळून नवा ग्रुप उघडतात आणि जुना तसाच राहू देतात. जुन्या ग्रुपवर हळूहळू कुणी लिहीत नाही. वगळलेल्याला दोन-तीन आठवडे वाटत राहते की सगळे अभ्यासात असतील. आईला तर काहीच दिसत नाही. फोन वाजत नाही म्हणून ती उलट खूश असते.

'रात्री फोन काढून घ्या' हा सल्ला सगळे देतात आणि तो तिसऱ्या दिवशी फसतो. फसायची कारणे ठरलेली. एक, डीपीपी ॲपवर येते. दोन, गजर फोनमध्ये असतो. तीन, बाबांचा फोन उशाशी असतो. तेव्हा उलट्या क्रमाने जावे. आधी मोठ्यांचे फोन रात्री दहानंतर स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावेत. मग दीडदोनशे रुपयांचे सेलवरचे गजराचे घड्याळ आणावे. डीपीपी आली की छापून द्यावी, किंवा मुलाने ती वहीत उतरवून घेऊन फोन परत ठेवावा. उतरवण्यात दहा मिनिटे जातात, त्यातली चार गणिते उतरवतानाच सुटतात. एवढे जमले तर पहिल्या आठवड्यात झोप अर्धा-पाऊण तास अलीकडे येते. त्याहून जास्त अपेक्षा धरू नये.

दहावीनंतर अकरावीचा ऑनलाइन अर्ज हे आणखी एक प्रकरण. दोन भाग असतात: पहिल्यात स्वतःची माहिती, दुसऱ्यात महाविद्यालयांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. इथली नेहमीची चूक अशी की पहिल्या क्रमांकावर 'लागणार तर नाहीच, पण टाकून ठेवू' म्हणून एखादे नावाजलेले नाव टाकले जाते. आणि ते लागते. पहिला पसंतीक्रम मिळाला की प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. मग वाघोलीतली मुलगी दोन वर्षे रोज शिवाजीनगरला बसने ये-जा करते, जाता-येता मिळून तीन तास. पसंतीक्रम लिहिण्याआधी एकदा कामाच्या दिवशी, कॉलेजच्या वेळेला, बसने जाऊन यावे. रविवारी गाडीने जाऊन आलेला अंदाज उपयोगाचा नाही. आणि मागच्या वर्षीचे कटऑफ बघताना आपल्याच प्रवर्गाचा, आपल्याच शाखेचा आणि अनुदानित की विनाअनुदानित तो आकडा बघावा. एकाच कॉलेजच्या दोन तुकड्यांत फीचा फरक कित्येक पटींचा असतो, आणि अर्जात त्यांचे कोड शेजारीशेजारी दिसतात.

हे सगळे झाले ज्यांच्या घरी सोफा आहे त्यांचे. याच पुण्यात पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत दहा बाय दहाच्या खोलीत बारावीचा अभ्यास चालतो. दिवसा काम आणि संध्याकाळी रात्रशाळा करणारी मुले आहेत. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरणारी आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे, चौदा ते अठरा वयाला धोक्याच्या कामांवर. उरलेल्या कामांच्या फटीतून पुष्कळ पोरे सरकतात. त्यांच्या वाट्याला जुने कष्ट संपलेले नाहीत आणि नवे मोजमाप चुकलेले नाही. सीईटीच्या रांगेत तेही त्याच चार लाखांत उभे असतात. 'आजकालच्या मुलांना' हा शब्दप्रयोग करताना यांच्यापैकी कुणी नजरेसमोर नसते.

एक आकडा लिहायला हात धजत नाही, पण टाळताही येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. यामागे परीक्षा हेच एक कारण असते असे नाही. घर, प्रेम, आजार, कर्ज, जात, सगळे मिसळलेले असते. पण घरातल्या माणसांना आधी काय दिसू शकते, ते सांगता येते. रोज संपणारा डबा सलग तीन-चार दिवस भरलेला परत येतो. आवडीची सायकल, बॅट, रंग कुणाला तरी देऊन टाकले जातात. 'पुढच्या वर्षी' असे काही बोलले की समोरून उत्तर येत नाही. अशा वेळी थेट विचारावे, 'जीव नकोसा वाटतो का?' विचारल्याने नसलेली कल्पना मनात शिरते हा गैरसमज आहे. बहुतेक वेळा विचारणारा भेटला म्हणून मूल मोकळे होते. ऐकून लगेच उपदेश करू नये, त्या रात्री एकटे सोडू नये, आणि १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येते. पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

आता पुन्हा त्या सहा वीसच्या व्हॅनकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवले की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. मुलांची झोप होत नाही, असे तेव्हाच्या राज्यपालांनी बोलून दाखवल्यावर हा निर्णय झाला. चांगला निर्णय, पण वयाच्या बाबतीत नेमका उलटा. सात-आठ वर्षांचे पोर साडेनऊला गाढ झोपते आणि पहाटे आपणहून उठून बसते. झोपेची वेळ पुढे सरकते ती तेराच्या पुढे. मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारे संप्रेरक, या वयात रात्री एक-दोन तास उशिराने पाझरू लागते. नववीतल्या मुलाला दहाला झोप येत नाही ती मस्तीने नव्हे. ज्याला खरी गरज त्याचीच शाळा सातला राहिली.

ती सरकवणे सोपे नाही, आणि का नाही ते शाळेचे कार्यालय पटकन सांगते. एक इमारत, दोन अधिवेशने. सकाळी सात ते साडेबारा मोठे, दुपारी लहान, नाहीतर त्याच्या उलट. मोठ्यांना नऊला बोलावले तर दुपारच्या लहानांना वर्गखोल्या कुठल्या? शिक्षक तेच, प्रयोगशाळा तीच, मैदान असेल तर तेही तेच. व्हॅनवाल्या काकांचे गणित आणखी वेगळे. एका गाडीला सकाळी दोन फेऱ्या झाल्या तरच डिझेल, हप्ता आणि परमिट सुटते. सहा वीसची मोठ्यांची, आठ वीसची दुसऱ्या शाळेतल्या छोट्यांची. दोन्ही एकाच वेळी आल्या तर दुसरी गाडी लागेल, आणि महिन्याचे पैसे वाढतील, ते पालकांना चालणार नाहीत. दुपारी चारला क्लास असतो, म्हणून शाळा उशिरा सुटलेली क्लासलाही चालत नाही. प्रत्येकाचे कारण रास्त आहे.

सहा वाजून बावीस मिनिटांनी काका दोनदा हॉर्न देतात. आई गॅलरीतून 'आला, आला' म्हणते. तो डबा काखेत मारून जिना उतरतो आणि बुटांच्या नाड्या व्हॅनमध्ये बसल्यावर बांधतो. राजाराम पुलापर्यंत त्याचे डोके खिडकीला टेकलेले असते.